लाल टिकल्या

जंगल वाचवायच्या सभेला जंगलातली माणसंही हवीत असा वरून हुकूम आला आणि वनखात्याच्या साहेबांची पंचाईत झाली. मग त्यांना टेंपररी आठवली. नोकरी तात्पुरती म्हणून ऑफिसने तिचं नावही तेच ठेवून टाकलं होतं. तिचे बाबा डोंगरात शेती करत. उतारावरचं रान तोडायचं, वाळलं की जाळायचं, राखेत पेरायचं आणि काही पिकं निघाली की तो तुकडा पुन्हा रान वाढायला सोडून द्यायचा. यंदाचा उतार तोडून झाला होता आणि वाळत पडला होता.

"बाबा, जाळायला बंदी आणायचं चाललंय," तिने गळ घातली. "तुम्ही समोर असलात तर जरा तरी भीड पडेल."

बाबा आले. केसांना तेल चापून, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावून, आणि वर शेजाऱ्यांना घेऊन.

भिंतीवर चित्रं लावली होती. लाकूड कापायची गिरणी, तेलाच्या झाडांचा मळा, नवा रस्ता, चरणारी गुरं, आणि शेवटी धुराने भरलेला उतार. जंगल कशाने संपतंय त्यावर लाल टिकल्या लावायच्या. ज्या चित्रावर जास्त, त्यावर आधी बंदी. शहरातून आलेल्या बाईंनी हे 'प्रमुख कारक घटक' वगैरे शब्दांत इतकं सविस्तर समजावलं, की बाबांच्या बाजूला कुणाला काही कळलं नाही. टिकल्या वाटायचं काम टेंपररीचं.

गिरणीवाला, मळ्याचा मॅनेजर आणि रस्त्याचा कंत्राटदार चहा पिता पिता एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करत होते. आता मॅनेजरच्या डोळ्यांदेखत मळ्यावर टिकली लावायची म्हणजे उद्या तोंड कुठे दाखवायचं? धुरावर लावावी, तर धुराची माणसं समोर बसलेली. शेवटी त्या सगळ्यांनी मुकाट्याने गुरांवर लावल्या. गुरांच्या बाजूचं सभेला कुणीच आलं नव्हतं.

टेंपररीचा जीव भांड्यात पडला.

मग बाई बाबांकडे वळल्या आणि अगदी सोप्या शब्दांत, लाडाने म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, तिथे लावा हं."

बाबा एकेका चित्रासमोर थांबत पुढे गेले. धुराचा उतार दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हे आपलं!" ते शेजाऱ्यांना म्हणाले, आणि हातातल्या सगळ्या टिकल्या अंगठ्याने दाबून दाबून तिथेच लावल्या. शेजाऱ्यांनीही लावल्या. एकाला जागा उरली नाही, तर त्याने कडेला चिकटवल्या.

टेंपररी धावली. "बाई, त्यांचा घोटाळा झालाय. त्यांना वाटलं, आपलं काय ते दाखवायचंय. मी काढते."

"अगं, हात नको लावूस! लोकांचं मत आहे ते." बाईंनी बाबांनाच विचारलं, "काका, विचार करूनच लावल्यात ना?"

"त्यात विचार कसला?" बाबा हसले. "डोळे मिटून लावल्या असत्या."

"बाबा, तसं नाही हो..." ती सांगायला गेली, पण गिरणीवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली. बाईंना गहिवरून आलं होतं. स्वतःची चूक इतक्या मोठ्या मनाने कबूल करणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. साहेब टेंपररीच्या कानाशी येऊन म्हणाले, "बंदीचं सांगायला डोंगरात तूच जा. तुझ्या घरचीच माणसं आहेत."

तिला ओरडावंसं वाटलं. ती नुसतीच मान हलवून बाहेर आली, आणि त्या हललेल्या मानेची तिला किळस आली.

बाबा पायऱ्यांवर तिची वाट बघत उभे होते. गुंडी अजून गळ्याशी घट्ट होती.

"बघितलंस? सगळ्यात जास्त आपल्याला पडल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या बिचाऱ्यांनी. आता जाळायला कोण अडवतंय?"

तिने चपलेकडे बघितलं.

"आम्ही," ती म्हणाली.