सरांची वेळ

सुदर्शन सरांनी आपलं कॅलेंडर बिलोलीच्या इकराच्या हवाली केलं. ही पोरगी घरबसल्या लॅपटॉपवर त्यांचा दिवस लावायची: लातूरला सकाळच्या बॅचेस, नांदेडला पालकसभा. सगळे फोनही तिच्याकडेच वळवलेले. "मला विचारत बसू नको, रिकामी वेळ दिसली की देऊन टाक," हा सरांचा हुकूम. स्वतःसाठी त्यांनी एकच दिवस मागून घेतला होता: तीस सप्टेंबर, भूकंपाचा, दरवर्षी पूर्ण बंद. एवढी सोय होऊनही जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी राहून गेलंय, अशी रुखरुख, आणि दर पाच मिनिटांनी हात मोबाइलकडे.

त्या सकाळी नांदेडच्या हॉलात चारशे पालक येऊन बसले होते. सर गाडीतून उतरले, तर समोर पोरं गणपतीचा मांडव सोडत होती. काल विसर्जन झालं होतं. सर हॉलात न शिरता तिथंच थांबले.

इकराला सांगितलेली तीस सप्टेंबर ही पुस्तकातली तारीख. सरांच्या आईच्या, गुणाबाईंच्या लेखी भूकंप झाला तो गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या पहाटे. वडील आणि धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेली ती तिथी, आणि पान वाढायचं ते तिथीलाच. औशाच्या घरी आई दोन पानं वाढणार, मुलगा घास ठेवणार, कावळा शिवल्यावरच ती जेवणार. तिथी कधी येते हे सरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आठ दिवस आधी आईचा फोन यायचा, की झालं.

त्यांनी इकराला फोन लावला. "भूकंपाची तिथी आज हाय, मला आईकडं जायचं होतं! सभा कशी लावलीस तू?"

"सर, तुम्ही तीस तारीख सांगितली होती," ती घाबरली. "पण मी विचारायला पाहिजे होतं. आमची ईद बी दरवर्षी सरकतेच की."

सरांचा राग जिरला. स्वतःचीच लाज वाटली. "मागच्या आठवड्यात औशाहून फोन आला होता का?"

"हाव सर. गुणाबाई म्हणून कुणी होत्या. सरांची भेट पाहिजे, म्हणाल्या. मला वाटलं, पालक हायेत. येत्या गुरुवारची पंधरा मिनिटं दिली."

"आई हाय, असं न्हाई म्हणली?"

"न्हाई. आधीची वेळ न्हाई का, विचारलं. मी म्हणलं, सरांना लई काम हाय. तर म्हणल्या, बरं."

सर उलट्या पावली गाडीत बसले. सभा कोण घेणार, पालक काय म्हणतील, काही सुचेना. ड्रायव्हरला औसा म्हणाले आणि आईला फोन लावला.

"माय, निघालोय. तीन-साडेतीन तास लागतील."

"ये की. पानं झाकून ठेवते," गुणाबाई म्हणाल्या. मग जरा भीत भीतच, "पण बाबा, त्या पोरीला सांग, माझा गुरुवार दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणावं."