चंद्रीची शिंगं

मित्रांनो, जुनी म्हणावी इतकी मी जुनी नाही; पण मान खाली घालावी असं एक काम माझ्याकडून झालं, तेव्हापासून उगाच म्हातारं वाटतं. मी एक लेन्स आहे. रुंद तोंडाची, जड, महागडी. मंगळवार पेठेतल्या विजयसिंहाच्या कॅमेऱ्यावर मी बसते.

धुळीचा कण शिरू न देता, काचेवर काच रचून मला घडवलं. माझ्या पोटात बारीक पाकळ्या आहेत. त्या पूर्ण उघडल्या की उजेड भरभरून आत येतो, समोरचं तेवढं नितळ दिसतं आणि मागचं सगळं विरघळून जातं. या विरघळण्याचीच, म्हणजे ब्लरची, माणसांना भारी हौस.

विजयसिंहाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र छोटा. सेन्सर म्हणजे चित्र झेलणारा तुकडा. मी ताटभर वाढायची, तो मधलं वाटीभर उचलायचा. त्याचा मित्र जोतीराम मोठ्या सेन्सरवाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "विजा, म्होरं तोफ आन मागं काडेपेटी. एवढी म्हागाची लेन्स लावून बी माझ्यागत ब्लर येणार न्हाय तुझा."

"उजेड तर येतोय की," विजयसिंह म्हणाला. पण ते त्याला लागलं.

उजेडाचं मात्र खरं होतं. तालमीत एकुलत्या बल्बाखाली पैलवान झोंबत होते, तेव्हा फ्लॅश न लावता मी त्यांच्या मानेवरचा घाम टिपला. जोतीरामनंसुद्धा तो फोटो दोनदा मागून घेतला. लग्नाच्या मांडवात तर माणसं फोटो कमी आणि मलाच जास्त बघायची. मला ते आवडायचं, हे सांगतानाही आता ओशाळं वाटतं.

मग दिवाळीचा पाडवा आला. आमच्याकडे त्या दिवशी म्हशी सजवून मिरवतात. गल्लीतल्या शालूबाईंची चंद्री नटली होती. तिची शिंगं पार खांद्यापर्यंत मागं वळलेली, त्यांना रंग, टोकांना मोरपिसं. शालूबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी चंद्री भाचीकडे गगनबावड्याला जायची होती.

"विजू, चंद्रीसंगं माझा येक फोटू काढ बाबा," त्या म्हणाल्या. "भिताडावर लावायचाय. उद्यापासनं दारात न्हाय दिसायची ती."

लख्ख ऊन होतं. माझ्या पाकळ्या जरा मिटून घेतल्या असत्या, तर मागचंही नितळ आलं असतं. पिशवीत कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स पडली होती, तिनं शेपटीपासून शिंगापर्यंत अख्खी म्हैस घेतली असती. पण शेजारी जोतीराम उभा होता. विजयसिंहानं माझ्या पाकळ्या पूर्ण उघडल्या. छोट्या सेन्सरवर ब्लर कमी येतो, म्हणून भरपाईला तो पुढं सरकला, आणखी पुढं सरकला.

"लई जवळ आलास की रं. ती मावती का त्यात?"

"मावशी, मागचं कसं लोण्यागत येतंय बघ."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चंद्री गेली. संध्याकाळी विजयसिंह फ्रेम घेऊन आला, मी त्याच्या गळ्यात होते. शालूबाई करंज्या तळत होत्या. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशी आली होती. मागं एक काळा ढग.

"मी बरी आलीया," त्या म्हणाल्या. "चंद्री कुठाय?"

"ही काय, मागं. त्यो ब्लर हाय, मावशी. मुद्दाम..." त्यानं वाकून फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाला, "गगनबावड्याला जाऊन दुसरा काढून आणतो."

"थितं हाय की ती. माझ्या दारातली कुठनं आणशील?"

राग नव्हता त्यात, म्हणून जास्त झोंबलं. मग तेलकट बोट त्यांनी फ्रेमच्या काचेवर टेकवलं आणि त्या ढगातून दोन्ही बाजूंना हळूच ओढत नेलं. "हितनं निगून अशी मागं वळायची," एवढंच म्हणाल्या.

छोट्या कॅमेऱ्यावर माझ्यासारखी असावी का, असं विचाराल, तर अंधारासाठी जरूर असावी. मित्राची बरोबरी करायला नको. आता विजयसिंह पाकळ्या उघडण्याआधी विचारतो, "फोटोत काय काय दिसाय पायजे?"

मित्रांनो, आम्हा काचांना बोटाच्या डागाचं फार भय. आम्हाला जपा, मऊ कापडानं पुसा. शालूबाईंच्या भिंतीवर मात्र काचेवरची ती दोन तेलकट शिंगं अजून आहेत. ती तेवढी कुणी पुसू नका.