खडकोणीची संध्याकाळची गाडी

नंदीश बिराजदार सभागृहात बोलायला उभा राहिला की मंत्र्यांच्या बाकांवर कागदांची चाळवाचाळव सुरू व्हायची. आमदारकीची ही त्याची पहिलीच खेप. पण त्याआधीची सगळी वर्षं सोलापूरच्या कोर्टात उलटतपासण्या घेण्यात गेली होती, आणि ती सवय त्याने सोबत आणली होती. ग्रामीण रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर का नाही, कालव्याचं पाणी शेवटच्या गावाला का पोचत नाही, यंत्रमागाची वीजसवलत कुठे अडकली, अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटातली अंडी कुठे गेली, कोणतंच खातं त्याच्या तावडीतून सुटत नसे. माणसाला समोर उभं करून नीट विचारलं की आज ना उद्या तो खरं बोलतोच, यावर त्याचा पक्का विश्वास होता. मतदारसंघात लोक त्याला कौतुकाने ‘प्रश्नवाले आमदार’ म्हणत.

सात रस्त्याजवळच्या त्याच्या कार्यालयात यास्मीन पहिल्यांदा आली ती दसऱ्याच्या आगेमागे. बरोबर वडील होते. चांदसाब पिंजारी, वैरागच्या पलीकडे खडकोणीत गाद्या भरायचं काम करणारा, अंगाने बारका, अबोल माणूस. सकाळची गर्दी होती. कुणाला बदली हवी होती, कुणाला शिफारसपत्र. चांदसाब दाराशीच उभा राहिला. पोरगी मात्र टेबलापर्यंत आली.

तिची तक्रार सरळ होती. बार्शीहून खडकोणीला येणारी संध्याकाळची एस.टी. पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून बंद झाली होती. रस्ता दुरुस्त झाला, गाडी काही परत आली नाही. सकाळी दूधवाल्याच्या टेम्पोतून कॉलेजला जाता येत होतं, पण परतताना वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं भरणाऱ्या खाजगी जीपशिवाय इलाज नव्हता. आणि जीपवाला गाडी ठेचून भरल्याशिवाय हलत नसे. पोरी मागच्या फळीवर उभ्या राहून, वरचा दांडा धरून यायच्या. दोघीतिघींच्या घरच्यांनी कॉलेज सोडवायची भाषा सुरू केली होती.

“आगारात अर्ज दिले का?” नंदीशने विचारलं.

“लई दिले. साहेब, तुमी मंत्र्यांना इचारता ते मी सगळं मोबाईलवर बघते. आमचं पन इचारा की.”

नंदीशला हसू आलं. त्याने तिला खुर्ची दिली, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, तूच लिही. विधानसभेत प्रश्न कसा मांडतात ते त्याने तिला सांगितलं. आधी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’, मग ‘शासनाने कोणती कार्यवाही केली’. यास्मीन पहिल्याच ओळीवर अडली.

“खरं हाय काय, असं कशाला इचारायचं? खरंच हाय की ते.”

“आपल्याला माहीत आहे गं. सरकारच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.”

तिने मान हलवली आणि वळणदार अक्षरात प्रश्न लिहून काढला. नंदीशने त्यातले दोनच शब्द बदलले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या पोरीचं त्याला मनापासून कौतुक वाटलं. तिचा प्रश्न त्याने आपल्या बाकीच्या प्रश्नांबरोबर पाठवून दिला.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो पुकारला गेला. त्या सकाळी नंदीशने आरोग्यमंत्र्यांना रुग्णालयावरून धारेवर धरलं होतं, पाटबंधारे खात्याकडून कालव्याची कबुली घेतली होती, त्यामुळे तो रंगात होता. परिवहन मंत्र्यांचं छापील उत्तर होतं, हे खरे नाही, सदर फेरी नियमित सुरू आहे. नंदीश उभा राहिला. फेरी नियमित सुरू असेल तर मंत्रिमहोदयांनी एकदा आपल्याबरोबर त्या गाडीने खडकोणीला यावं, तिकीट मी काढतो, असं तो म्हणाला. दोन्ही बाजूंची बाकं हसली. मंत्र्यांनी खात्याच्या माहितीचा हवाला दिला. नंदीशने रस्ता कधी खचला, कधी दुरुस्त झाला, ते एकेक विचारत त्यांना कोपऱ्यात नेलं. शेवटी मंत्री म्हणाले की माहिती चुकीची असल्यास चौकशी करू, आणि फेरी महिन्याभरात पूर्ववत करू, हे मी सभागृहाला आश्वासन देतो.

त्या संध्याकाळी चांदसाबचा फोन आला. एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस त्या दिवशी थांबेना. सगळ्या गावाने मोबाईलवर पाहिलं होतं. पोरीने लिहिलेला प्रश्न मंत्र्यापुढे गेला म्हणून मशिदीसमोरच्या हॉटेलात त्याला कुणी चहाचे पैसे देऊ दिले नव्हते. नंदीशला वाटलं, आमदार झाल्याचं आज सार्थक झालं.

अधिवेशन संपलं. महिना गेला, गाडी आली नाही. नंदीशने आगारात विचारणा केली तेव्हा अहवाल वर पाठवला आहे असं कळलं. वर विचारलं तर तो खाली परत गेला होता. त्याने एक स्मरणपत्र धाडलं. मग जिल्ह्यात पाणीटंचाईच्या बैठका लागल्या, एका शाळेचं छप्पर उडालं, आणि खडकोणीची गाडी त्याच्या मनात जरा मागे पडली.

जानेवारीच्या शेवटी वडापची ती जीप कालव्याच्या वळणावर उलटली. पोरी मागे उभ्या होत्या. बाकीच्यांना खरचटलं, कुणाचा हात मोडला. यास्मीन दांड्यावरून सुटून खाली दगडी भिंतीवर आदळली होती. तिला सोलापूरला आणलं. नंदीश तिथे पोचला तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांशी तो बोलला, रक्ताची सोय केली, पुण्याहून मोठ्या डॉक्टरांना फोन लावले. करण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या वेळी यास्मीन गेली.

चांदसाब बाहेर कट्ट्यावर बसला होता. त्याच्या सदऱ्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. निरोप आला तेव्हा तो हातातलं काम टाकून तसाच निघाला असावा. नंदीश त्याच्याशेजारी बसला. मग चांदसाब खाली बघत बोलू लागला, आवाज न चढवता, जणू कुणा तिसऱ्याबद्दल सांगतोय.

“आमी तिला दिवाळीपासनंच घरी बसवायचं म्हनत हुतो, साहेब. तिच्या आईचं तर रोजचं हुतं, त्या जीपला लटकून जाऊ नको म्हनून. पन तुमचं ते झालं नागपूरला. मग ही म्हनाली, मंत्र्यानं सगळ्यांपुढं कबूल केलंय अब्बा, आता गाडी येनारच. थोडे दिवस कळ काढा. म्हनून आमी सोडलं तिला.”

त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तेच नंदीशला सोसवेना. तो उठून नळाशी गेला, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच भिंतीला हात टेकून उभा राहिला.

मार्चमध्ये मुंबईत अधिवेशन भरलं. वर्तमानपत्रवाले आधीच वाट बघत होते, नंदीश बिराजदार या वेळी सरकारला फाडून खाणार म्हणून. लक्षवेधी लागली. परिवहन मंत्र्यांनी दुःख व्यक्त केलं. सदर अपघातात एका विद्यार्थिनीचा दुर्दैवी मृत्यू झाला, असं वाचलं, चुकीची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईचं सांगितलं, आणि येत्या सोमवारपासून खडकोणीची फेरी सुरू होईल अशी घोषणा केली. बाकं वाजली. अध्यक्षांनी नंदीशकडे पाहिलं.

तो उभा राहिला, पण रात्रभर मनात घोळवलेलं त्याला काही आठवेना. आणि जे आठवत होतं ते विचारून आता काय मिळणार होतं?

“अध्यक्ष महोदय, एक विद्यार्थिनी असं म्हणू नये,” तो म्हणाला. “यास्मीन चांदसाब पिंजारी तिचं नाव. ते कामकाजात यावं. माझा दुसरा प्रश्न नाही.”

अध्यक्षांनी नोंद घेतली जाईल असं सांगून पुढचा विषय पुकारला.

सोमवारी गाडी सुटली. पुढाऱ्यांनी हार घातले, नारळ फोडला, फोटो काढले. नंदीश त्या दिवशी गेला नाही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो एकटाच बार्शीच्या स्टँडवर जाऊन त्या गाडीत बसला. वाटेत एक म्हातारा चढला, बाजारहाट करून निघालेल्या दोन बायका चढल्या. कॉलेजची एकही पोरगी नव्हती. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून हेच आहे साहेब, आता पाठवतंय कोण.

खडकोणीत उतरून तो चांदसाबच्या घरी गेला. पडवीत अर्धवट भरलेली गादी पडली होती. चांदसाबने सतरंजी टाकली. वाटेत कळलेलं नंदीशने विचारलं तेव्हा त्याने ते खरंच असल्याचं सांगितलं. एका पोरीचं लग्न ठरलं होतं, एक शिवणकाम शिकत होती, यास्मीनच्या शेजारची मेहनाज घरात बसून होती. गावाने जणू सगळ्याच पोरींना दारातून आत ओढून घेतलं होतं.

इतका वेळ आतल्या दाराशी बसलेली यास्मीनची आई, हुसेनबी, तेव्हा पुढे आली. हॉस्पिटलात तिने नंदीशकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता ती त्याच्यासमोर खाली बसली.

“साहेब, तुमाला एक इचारायचं हाय.”

“विचारा.”

“तुमी तितं ते इचारलं नसतं, तर माजी पोरगी घरी बसली असती न्हवं?”

चांदसाबने तिला घरच्या दखनी बोलीत हळूच दटावलं. नंदीशने हात वर करून त्याला थांबवलं. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. आगाराने खोटं कळवलं होतं, मंत्र्याने शब्द पाळला नव्हता, जीपवाल्याने गाडी कोंबून भरली होती. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

“होय,” तो म्हणाला. “घरी बसली असती.”

“आनी जित्ती असती.”

“होय.”

हुसेनबी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि पहिल्यांदाच त्या परक्या माणसासमोर मोठ्याने रडली. चांदसाब उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला. नंदीश जागचा हलला नाही. निघताना त्याला वाटलं, ती पुन्हा या घरात येऊ नका म्हणेल. ती एवढंच म्हणाली की जेवून गेला असता. पण तीच गाडी बार्शीला परत निघायची होती.

पुढेही तो सभागृहात प्रश्न विचारत राहिला, कारण दुसरं त्याला येत नव्हतं. मात्र मंत्र्यांनी आश्वासन दिलं की त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीसारखी चमक येत नसे. मंत्र्यांची फजिती करणारी त्याची वाक्यं ऐकायला लोक वाट बघत, आणि तो कोरडेपणाने तारीख मागून खाली बसे. दर महिन्याला, ज्या गावाबद्दल विचारलं त्या गावी जाऊन यायचा शिरस्ता त्याने घालून घेतला. त्याचा रंग उतरला, असं पत्रकार म्हणू लागले. ते त्याच्या कानावरही येई.

जूनमध्ये कॉलेजं उघडली तेव्हा चांदसाबचा फोन आला. मेहनाज परत जाऊ लागली होती. एकटीच. तिच्या घरचे ऐकत नव्हते, हुसेनबीने जाऊन त्यांच्याशी बोलणं केलं. काय बोलली ते चांदसाबला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं.

“यास्मीनची आई आता रोज संध्याकाळी गावच्या स्टँडवर जाऊन बसती,” तो म्हणाला. “गाडी येईस्तवर उठत न्हाय. मेहनाज उतरली की तिच्यासंगं घरी येती. वाटंनं दोघी काय बी बोलत न्हाईत, साहेब. नुसत्या चालत येत्यात.”