उबेचं टोक

तळहाताएवढा तुकडा, लाकडाचा म्हणे – लाकडाचं नुसतं चित्रच – आणि त्यात एका कोपऱ्यात गाठ, डोळ्यासारखी. दुसरा तुकडा उचलला तर त्यातही तीच गाठ, त्याच कोपऱ्यात. म्हणजे खोलीभर पट्ट्या बसल्या की हा डोळा थोड्या थोड्या अंतरावर उघडाच राहणार, आणि आपण त्यावरून अनवाणी चालणार... ह्ये-रानला गंमत वाटली. साठीला आलेल्या बाईने रिकाम्या खोलीत उकिडवं बसून गाठींची अशी चौकशी करावी, याचीही वाटली.

नमुने जमिनीचं काम करणारे गुकशेठ ठेवून गेले होते. जुनी जमीन फोडून खाली गरम पाण्याचे पाईप टाकायचे, म्हणजे ही मागची खोलीही पुढच्यांसारखी खालून तापेल. नाहीतर आहे त्यावरच पट्ट्या ठोकायच्या आणि विजेच्या गादीवर झोपायचं. काय ते संध्याकाळपर्यंत कळवा ताई, म्हणाले, एकदा थंडी पडली की मी माझ्या बायकोलाही सापडत नाही.

कोरियातल्या बुचॉन शहराच्या या गल्लीतली बाकीची लाल विटांची घरं पाडून उंच इमारती झाल्या होत्या. आई हलायला तयार नव्हती, म्हणून शेवटी लेकच सामान घेऊन येणार होती. पुढच्या खोलीत आई, मागच्या खोलीत ती. पाईप आले तेव्हा पैसे पुढच्या खोल्यांपुरतेच होते. ही तेव्हापासून अडगळीची. त्याआधी मात्र सगळे इथेच झोपायचे.

फोडायची की झाकायची... आधी खाली काय आहे ते तरी बघावं. तिने कोपऱ्यातून रेक्झिन उचकटलं. खाली आणखी एक रेक्झिन. या घरात जुनं कुणी काढलंच नव्हतं. नवीन आलं की जुन्यावर अंथरायचं. संगमरवरी नक्षीचं, त्याखाली चौकटींचं, त्याखाली ते हिरवं – हो, हेच, यावर पालथी पडून ती भूगोलाचे नकाशे काढायची – आणि सगळ्यांच्या तळाशी तेल पाजलेला जाड पिवळा कागद. पिवळा खिडकीकडे. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे येता येता तो तांबूस होत गेला होता आणि भिंतीशी तर थेट गुळासारखा.

उबेचं टोक.

भिंतीपलीकडे चूल, चुलीत कोळशाच्या वड्या, त्यांचा धूर जमिनीखालून फिरून बाहेर पडणार – मग चुलीजवळचं टोक तापणार आणि खिडकीजवळचं नुसतं नावाला. पाहुणा आला की त्याला त्या टोकाला बसवायचं. उशिरा येणाऱ्याच्या भाताचा वाडगा गोधडीत गुंडाळून तिथेच ठेवायचा. आणि तिथे झोपायचे बाबा. मग आई, मग धाकटे दोघे भाऊ, आणि खिडकीशी मी... नाकाचा शेंडा बधिर, पाय पोटाशी. घरोघरी मोठ्यांची जागा तीच, पण बाबांनी ऊब स्वतःला ठेवली, हे माझ्या मनात बसलं ते बसलंच. पुढे लग्न झालं. माणूस तसा वाईट नव्हता. पण पहिल्याच थंडीत तो न विचारता उबेला जाऊन पसरला, आणि तिने मनातल्या मनात म्हटलं, आला, हाही आला. तो निघून जाईपर्यंत तिने त्याला दुसऱ्या कुठल्या नजरेने पाहिलंच नाही.

तांबूस कागद नखाने सोलला. खाली भेग – भिंतीलगत, वाकडीतिकडी, पार कोपऱ्यापर्यंत. तिच्यावर कागदाची ठिगळं, ठिगळांवर सिमेंट, सिमेंटवर पुन्हा ठिगळं. सिमेंट बोटांनी फासलेलं. एका खाचेत तिने आपलं बोट ठेवून पाहिलं, खाच रुंद होती.

भेगेतून धूर येतो, कोळशाचा, विषारी. त्या काळी प्रत्येक हिवाळ्यात गल्लीतलं एखादं घर सकाळी उठायचंच नाही... समोरचे मा आडनावाचे मास्तर आणि त्यांची बायको. हे तर तिला तेव्हाही माहीत होतं. आणि बाबा सकाळी डोकं धरून बसलेले, आई मुळ्याच्या खारवणीचं गार पाणी वाडग्यात घेऊन धावतेय, आणि आम्ही भावंडं गोधडीत तोंड खुपसून हसतोय – कालची उतरली नाही वाटतं.

ती पुढच्या खोलीत आली. आई टीव्हीसमोर मोड आलेल्या कडधान्याच्या शेपट्या खुडत बसली होती.

"आई, मागे भिंतीशी भेग होती?"

"होती की. दर वर्षी तुझे बाबा बुजवायचे, दर वर्षी ती पुन्हा तोंड उघडायची."

"मग झोपायचे तिथेच का?"

"उबेला हपापलेला माणूस. उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे."

"आणि सकाळचं ते मुळ्याचं पाणी? दारूसाठी की धुरासाठी?"

"दारूवरही तेच, धुरावरही तेच. डोकं धरलं की वाडगा द्यायचा. चौकशी करत बसायला सवड कुणाला होती?" आईने एक शेपटी तोडली. "एकदा तू गेली होतीस त्यांच्या जागेवर झोपायला. पाय धरून ओढत नेलं तुला खिडकीपर्यंत. ही माझी जागा, म्हणाले. आठवतंय?"

आठवत नसेल कसं? ते ओढणं सोबत घेऊनच तर ती इथवर आली होती.

"का ओढलं असेल गं?"

"मी काय सांगू, मीच अर्धवट झोपेत होते. फोडून टाक ती जमीन. लहानपणापासून पाय गार तुझे."

मागच्या खोलीत परत आल्यावर तिला खिडकीची फट दिसली. चौकटीच्या वर, बोटभर. गल्लीत सगळे थंडीआधी फटींना कागद चिकटवायचे. आई दर वर्षी ओरडायची, बाबा दर वर्षी उद्या म्हणायचे. भेग बुजवणाऱ्या माणसाला फट बुजवायला वेळ झाला नाही... आळस? की खिडकीशी झोपणाऱ्यांना तेवढी हवा मिळावी म्हणून –

फोन थरथरला. गुकशेठ. तिने तो उचलला नाही.

ती त्या गुळाच्या रंगावर आडवी झाली. जमीन गारठली होती. पाठ भिंतीला लावली तर सगळी खोली दिसत होती, थेट खिडकीपर्यंत. तोंड भिंतीकडे केलं तर नुसती भिंत. बाबा कोणत्या कुशीवर झोपायचे, आमच्याकडे तोंड करून की भिंतीकडे? इतके हिवाळे एका खोलीत काढले, आणि हे पाहिलंच नव्हतं. ती एकदा इकडे वळली, एकदा तिकडे... मग पुन्हा इकडे.