आत्याबाईंची टोपी

त्या काळी सुरुंगाच्या कांड्या भरणाऱ्या प्रत्येक माणसाचं सोमवारी डोकं दुखायचं. कारखान्यातल्या स्फोटक तेलाच्या वाफेला आठवडाभर शरीर सरावायचं, रविवारी सराव मोडायचा आणि सोमवारी कपाळावर घण बसायचे. म्हणून कामगार टोपीच्या पट्टीत तिथली चिमूटभर भुकटी दडवून रविवारीसुद्धा टोपी डोक्यावर ठेवायचे. नवरा जेवतानाही टोपी काढायचा नाही. बायकोला त्याचं काही नव्हतं.

तिला डाचत होत्या त्या नवऱ्याच्या आत्याबाई. दोन दिवसांसाठी म्हणून आल्या आणि महिना झाला तरी हलेनात. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, खोल्या दोनच. आतली आत्याबाईंनी बळकावली आणि जोडपं आलं स्वयंपाकघरात, भांड्यांच्या फळीखाली.

शेवटी बायको नवऱ्याची टोपी रोज रात्री आत्याबाईंच्या उशाशी खुंटीला अडकवू लागली.

"सूनबाई, चहात काय घातलंस गं? डोकं फुटतंय माझं!" सकाळी आत्याबाईंनी कपबशी आदळली. त्या सगळंच आदळायच्या.

बायको मनातल्या मनात त्यांची पिशवी भरू लागली. पण चार दिवसांत आत्याबाईही सरावल्या. डोकं दुखायचं थांबलं आणि वर गालांवर लाली!

"जिना चढताना छातीत कळ यायची ना, ती गेली बघ! तुमच्या घरचं पाणी मानवलं मला. आता इथून हलायचं नाव नको."

बायकोने रात्री नवऱ्यापाशी सगळं कबूल केलं. तो पोट धरून हसला.

"अगं, डॉक्टर छातीच्या दुखण्यावर हेच तेल तर थेंबभर देतात! आमचा म्हातारा रखवालदार त्यापायीच नोकरी सोडत नाही."

"मग त्यांनाही एक टोपी आणा की!"

दुसऱ्या दिवशी टोपी आली.

"मला टोपी घालतोस होय रे, गुलामा?" आत्याबाई कडाडल्या.

"आत्या, पाणीबिणी काही नाही, गुण ह्या टोपीचा आहे. कुठेही राहा, कळ यायची नाही. फक्त आपटू नकोस."

"आपटली तर काय होईल?"

"ते बघून अजून कुणी परत आलं नाही."

जन्मात पहिल्यांदाच आत्याबाईंनी एक वस्तू दोन्ही हातांनी, हळूच उचलली आणि डोक्यावर ठेवली. संध्याकाळी त्या गाडीत बसल्या, मान ताठ, जणू डोक्यावर भरली घागर. गाडी सुटायच्या आधीच शेजारच्या प्रवाशाने कपाळ चोळत जागा बदलली.

घरी येऊन बायकोने आतल्या खोलीत अंथरूण घातलं. नवऱ्याची टोपी मात्र बाहेर, भांड्यांच्या फळीवर.