सहाव्या गाण्यातला आवाज

"थांबव, थांबव जरा," शांतिनाथ भाऊजी म्हणाले. "मागं घे. आत्ता बोललं ते कोण?"

माझ्या मुलानं, अतिशयनं, कॉम्प्युटरवर बोट टेकवलं आणि घराचा पुढचा सोपा एकदम गप्प झाला. माझे थोरले दीर इतका वेळ तोंड वाकडं करून ऐकत होते. पहिल्या पाच गाण्यांत त्यांनी दोनदा कानात करंगळी फिरवली होती. आता मात्र ते खुर्चीत पुढं सरकले.

"सांग की. प्रीतीच न्हवं?"

"व्हय आबा."

"प्रीती न्हाई आता ती. माताजी हाईत त्या."

मी दारात पदराला हात पुसत उभी होते. त्यांच्याकडं बघितलं नाही.

माझा मुलगा कॉम्प्युटरवर संगीत करतो. त्याला ट्रान्स म्हणतात. ठोका एकसारखा, मोटारीच्या धडधडीसारखा, आणि त्यावर नाना तऱ्हेचे आवाज वर चढत जातात, विरघळतात, पुन्हा येतात. पाटणच्या पुढं कोयनेच्या बाजूला माळावर पोरं जमतात आणि उजाडेपर्यंत त्याच्या संगीतावर नाचतात. जर्मनीत नि पोर्तुगालमध्येही त्याला बोलावतात. आमच्या गावात मात्र तो 'डॉल्बीवाला' आहे. लग्नाच्या वरातीची सुपारी द्यायला अजून लोक दारात येतात आणि तो हात जोडून नाही म्हणतो.

हा नवा अल्बम त्याच्या जिवाचा होता. नाव ठेवलं होतं 'पाणंद', म्हणजे शेतांमधली वाट. बारा गाणी, आणि एकासारखं दुसरं नाही. एकात साखर कारखान्याचा भोंगा होता, ओळखू येणार नाही इतका लांबवलेला. एकात मिरजेच्या दुकानात नव्या सतारीला तारा चढवताना होते ती कुरकूर. एक इतकं संथ की मला झोप आली, आणि एक इतकं काळोखं की मी त्याला विचारलं, "बाळ, तुला काय होतंय का?" तो हसला होता. अल्बम यायच्या आधी तो कॅमेऱ्यासमोर बसून एकेका गाण्याची ओळख करून देणार होता, कुठून आलं, कसं झालं. सगळ्यांच्या आधी घरच्यांना ऐकवायचं म्हणून भाऊजींना बोलावलं होतं.

सहावं गाणं त्याला सगळ्यांत आवडतं. त्यात प्रीती होती, माझी मुलगी.

दीक्षेच्या आधीच्या दिवाळीत ती साताऱ्याहून आली होती. तिथं कॉलेजात शिकवायची. अतिशयनं नवा माईक आणला होता आणि बघायला म्हणून तिच्या तोंडासमोर धरला होता. पुढं तिनं आर्यिका दीक्षा घेतली, दिगंबर जैन साध्वी झाली. केस हातानं उपटले, पांढरी साडी नेसली, हातात मोरपिसांची पिच्छी घेतली. त्या दिवशी मंडपात हजारो माणसं जयजयकार करत होती, आणि 'धन्य ती माता' म्हणून माझा सत्कार झाला. हार घातलेला माझा फोटो भाऊजींच्या सोप्यात अजून आहे. तिला नवं नाव मिळालं. ते माझ्या जिभेवर अजून बसत नाही.

"उद्या पोरं पिऊन नाचत्याल ह्यावर," भाऊजी म्हणाले. "माताजींच्या आवाजावर! समाज तोंडात शेण घालंल आपल्या."

"आबा, आवाज घेतला तवा ती माझी बहीण होती."

"तवाचं तवा. आता काढ त्यो."

"काढला तर गाणंच उरत न्हाई. सगळं त्या आवाजावर उभं हाय. बाकीचं तिच्या बोलण्याच्या चालीवर बसवलंय मी."

भाऊजी उठले. काठी घेतली. वाईट माणूस नाहीत ते. माझे मालक गेल्यावर आमची ऊसशेती त्यांनीच बघितली. दारात थांबून म्हणाले, "मग त्यास्नीच इचार. संघ परवा येतोय गावात. त्या हो म्हणल्या तर मी गप."

पायी फिरणारा माताजींचा संघ येणार हे मला माहीत होतं. मी गहू धुऊन वाळवून ठेवले होते.

आमच्यात साधू किंवा माताजी कुणाकडं जेवायला येतात ते आधी सांगत नाहीत. ज्याला आहार द्यायचा आहे त्यानं पहाटे न्हाऊन, विहिरीचं पाणी गाळून, शुद्ध स्वयंपाक करायचा आणि कलश घेऊन दारात उभं राहायचं. त्यांनी मनात धरलेली खूण ज्या दारात दिसेल तिथं त्या थांबतात. दिवसातून तेवढंच एक जेवण. मी सासरी आल्यापासून पन्नास वर्षं हे करत आलेय. सासूबाईंनी शिकवलं. पण त्या सकाळी कलशावरचा नारळ मी दोनदा काढून पुन्हा बसवला.

शेजारच्या अंबूबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. जातीनं मराठा, आणि तोंडाला लगाम नाही.

"आवं चंदनाबाई, पोटच्या पोरीच्या पाया पडायचं व्हय तुमच्यात?"

"पडायचं."

"आन् साडीचोळी?"

"चालत न्हाई."

"आगं बया. मग म्हायेरला येऊन पोरगी नेती तरी काय?" म्हणाल्या, आणि त्यांनी माझं तोंड बघितलं. मग कुंपणावरून हात घालून माझ्या पाठीवर नुसता ठेवला. "शिवलं तर चालतंय न्हवं?" "न्हाई," मी म्हटलं, "परत न्हावं लागंल मला." त्यांनी हात चटकन काढला आणि आम्ही दोघी हसलो. मी पळत जाऊन पुन्हा न्हाले.

ती आली. रस्त्यानं मान खाली घालून, चार पावलांपुढची जमीन बघत. दोन दारं ओलांडली आणि आमच्यासमोर थांबली.

"हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि," मी म्हणाले. माझ्या बाजूला अतिशयही म्हणाला.

आत पाटावर बसवून मी तिचे पाय धुतले. प्रीतीला लहानपणापासून चपलांचा शौक. सांगलीच्या बाजारात गेली की एक जोड तरी घ्यायचीच. या टाचांना भेगा होत्या, बोट जाईल अशा, आणि त्यांत रस्त्याचं डांबर बसलं होतं. पाणी ओतताना मी त्या भेगांवरून अंगठा फिरवला. पाय तसाच राहिला, मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही.

मग तिच्या ओंजळीत आहार. तिनं मीठ सोडलंय, असं बरोबरच्या ब्रह्मचारिणी ताईंनी सांगितलं. हीच मुलगी आमटी चाखायच्या आधी वरून मीठ घ्यायची. मी बिनमिठाची आमटी कालवून चपातीचा घास ठेवत गेले, मध्ये दूध घालत गेले. आहार घेताना माताजी बोलत नाहीत. आणि एक नियम असा की, कुणाचं रडणं कानावर पडलं तर ओंजळ सोडायची. त्या दिवशीचं जेवण तिथंच संपतं. पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी.

मी ओठ घट्ट मिटून वाढलं. माझा मुलगा मागच्या दारातून गोठ्याकडं निघून गेला. बराच वेळ आला नाही.

ती पोटभर जेवली. एवढं मला लाभलं.

हात धुऊन ती पाटावर बसली. सोप्यात भाऊजी, भावकीतली माणसं दाटीनं बसली होती. माझा मुलगा पुढं येऊन गुडघे टेकून बसला.

"वंदामि माताजी. एक विचारायचं हाय." त्यानं सगळं सांगितलं. गाणं, माईक, ती दिवाळी. लोक कसल्या ठिकाणी ते ऐकतील हेही लपवलं नाही. "तुमी राहू दे म्हणला तर राहील. न्हाईतर न्हाई."

तिनं ऐकून घेतलं. पिच्छी मांडीवर होती. आवाज तोच होता, पण पुस्तकातल्यासारखं बोलत होती.

"ज्यांचा तो आवाज होता, त्या आता नाहीत. त्यांच्या आईंना विचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. भाऊजींचीसुद्धा.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. या पोरीला बोलता येत नव्हतं तेव्हापासून मला तिच्या तोंडावरून सगळं कळायचं. भूक लागलीय, पोट दुखतंय, खोटं बोलतीय, नोकरी सोडायचं मनात आहे. दीक्षेचंही तिनं सांगायच्या आधी कळलं होतं. आता मी शोधत होते. राहू दे म्हणावं असं तिला वाटतंय का? काढ म्हणावं असं वाटतंय का? डोळे खाली, श्वास संथ. तिथं काहीच नव्हतं. असलं तरी ते मला वाचता येत नव्हतं. रस्त्यात भेटलेल्या एखाद्या माताजींच्या तोंडाकडं बघावं तसं मी बघत होते.

जिच्या मनातलं मला कळत नाही, तिची वस्तू मी कशी ठेवून घेऊ?

"काढून टाक, अतू," मी म्हणाले.

तिनं पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. सगळ्यांना दिला तसाच. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून, रस्त्याच्या कडेनं ती मंदिराकडं गेली. मागं लोक जयजयकार करत होते.

दुपारी अतिशय भाकरीला शिवला नाही.

"तू राहू दे म्हणशील असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणून सगळ्यांदेखत विचारलं."

"मला कळंना रं बाळ, तिला काय पायजे ते."

"आन् तुला? तुला काय पायजे ते तर कळतंय न्हवं?"

मी त्याचं ताट झाकून ठेवलं. तो उठून त्याच्या खोलीत गेला, आणि थोड्या वेळानं हाक मारली. मोठे हेडफोन माझ्या कानांवर बसवले. पडद्यावर तिच्या आवाजाची हिरवी रेघ हलली.

"अतू, काय बोलू रं? मला काय सुचंना," असं म्हणून ती हसली. एवढंच होतं. मागं कढईत करंज्या तळायचा आवाज येत होता. ती कढई माझीच.

"तुझ्या मोबाईलवर घालून देऊ?" त्यानं हळूच विचारलं. "कुणाला कळणार न्हाई."

"नको. ऐकतच बसंन मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ती हिरवी रेघ निवडली आणि पुसली.

संध्याकाळी त्यानं तोंड धुतलं, चांगला सदरा घातला आणि कॅमेऱ्यासमोर बसला. मी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. आधी मराठीत सांगायचा, मग इंग्रजीत. भोंग्याची गोष्ट सांगताना रंगला, सतारीच्या तारांबद्दल सांगताना हातवारे केले. पाच गाणी झाली.

"सहावं," तो म्हणाला, आणि पाण्याचा घोट घेतला. "हे गाणं नुसतं वाजतं. ह्यात कुणी बोलत न्हाई."

आणि तो सातव्याबद्दल सांगू लागला.