अकरा मीटर चालू, बाकी डाळिंब

चिंचोळी एमआयडीसीत मल्लिनाथअण्णांचं कोल्ड स्टोरेज आहे आणि त्या कोल्ड स्टोरेजमध्ये स्की रिसॉर्ट आहे. ह्यात हसण्यासारखं काही नाही. तीन वर्षांपूर्वी अण्णा मनालीला जाऊन आले. दोन दिवसांत त्यांना बर्फावर एकूण चार मिनिटं मिळाली. परतीच्या वाटेवर गाडी कुर्डुवाडीला थांबली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की थंडी तर आपण आधीपासून भाड्यानं देतोय, आपल्याकडं फक्त उतार नाही. उतार त्यांनी गवंड्याकडून करून घेतला. बर्फ करायचं मशीन आणलं, पायाला बांधून घसरायच्या जुन्या स्की-पट्ट्यांचे चार जोड आणले आणि मला स्लोप मॅनेजर केलं. माझं काम बूट द्यायचं, बूट परत घ्यायचं आणि लोकांना सांगायचं की हा बर्फ खायचा नाही.

उतार तीस मीटरचा. पण सीझनच्या सुरुवातीला सगळा चालू नसतो. नोव्हेंबरात डाळिंब येतं, आणि खालच्या एकोणीस मीटरवर छतापर्यंत क्रेट लागतात. डाळिंब गेलं की बेदाणा येतो. बेदाणा गेला की कुणाची तरी चिंच येते. त्यामुळं आमच्याकडं बाराही महिने सीझनची सुरुवातच असते. दारावर मी स्वतः पाटी लिहिली आहे : 'सीझन सुरू झाला आहे. ११ मीटर चालू, बाकी डाळिंब.' मागं करमाळ्याचं एक कुटुंब आलं होतं. सगळ्यांनी बूट घातले, टोप्या घातल्या आणि मग मला विचारलं, रिसॉर्ट कुठे आहे. ते रिसॉर्टच्या मधोमध उभे होते.

ह्या अकरा मीटरवर माझी बहीण स्की शिकली. बुद्धप्रिया तिचं नाव, मी ताई म्हणतो. रस्त्यापलीकडच्या टॉवेलच्या कारखान्यात ती चेकिंगला आहे. टॉवेलवरचा एक सुटलेला फास तिला चार फुटांवरून दिसतो. ड्यूटी सुटली की ती रस्ता ओलांडून यायची आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत घसरायची. अकरा मीटरात वळण एकच बसतं. समोर डाळिंब. उजव्या हाताला माल चढवायचं लोखंडी दार, ते कायम बंद. राहिली डावी बाजू, तिथं मी जुनी गादी टेकवून ठेवली होती. तीन वर्षांत ताई सहाएक हजार वेळा डावीकडं वळली असेल. उजवीकडं एकदाही नाही.

मग राज्याच्या स्की संघासाठी अर्ज निघाले. ताईनं भरला. वयाची अट पंचवीस, आणि ताईला पंधरा दिवसांनी सव्विसावं लागणार होतं. म्हणजे जायचं तर ह्याच खेपेला. निवड समितीचं पत्र आलं : रविवारी सकाळी आठ वाजता निरीक्षक येतील, खेळाडूनं न पडता तीस मीटर जाऊन दाखवावं, आणि उतार सलग तीस मीटर बर्फाचा असावा.

ताई पत्र घेऊन अण्णांकडं गेली. अण्णांनी दोनदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पण डाळिंब हलवणार नाही म्हणाले, कारण डाळिंब त्यांचं नव्हतं, सांगोल्याच्या व्यापाऱ्याचं होतं, आणि तो व्यापारी डोळे भरून येणाऱ्यांपैकी नव्हता. पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाले. ताईनं त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी तिचं वयही एका वर्षानं वाढलेलं असेल. हे अण्णांच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी ही सगळी चर्चा आईनं ऐकली. आईचं नाव चांगुणा. उन्हाळ्यात तिचा बर्फाच्या गोळ्याचा गाडा असतो आणि थंडीत त्याच गाड्यावर उकडलेल्या शेंगा. तिनं एकच प्रश्न विचारला, किती बर्फ कमी पडतोय. मी म्हटलं, एकोणीस मीटर. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, तीनेक हजार गोळे होतील.

आता हे कुणाला तरी आधी सुचायला पाहिजे होतं, पण सुचलं नव्हतं. स्कीचा सीझन सुरू होतो तेव्हा गोळ्याचा सीझन संपलेला असतो. गावात शंभरेक गोळेवाले रिकामे बसलेले असतात आणि त्यांची बर्फ किसायची मशीनं पोत्यात. आईनं त्यातले सहा जण गोळा केले. लोखंडी दाराबाहेर ट्रकसाठी सिमेंटचा उतार आहे, बरोबर एकोणीस मीटर. दार उघडायचं, बाहेरच्या उतारावर किसलेला बर्फ टाकायचा, आतला आणि बाहेरचा जोडायचा. अकरा आणि एकोणीस तीस. अण्णांनी लगेच परवानगी दिली, कारण ह्यात डाळिंब कुठंच येत नव्हतं.

अडचण एकच होती. दार उजवीकडं होतं.

मी ताईला विचारलं, उजवीकडं वळायला जमेल का. ती म्हणाली, डावीकडंचंच उलटं करायचं, त्यात काय. मग जेवताना तिनं तीन वेळा पाण्याचा तांब्या उजव्या हातानं उचलून बघितला.

रविवारी उजाडायच्या आत टेम्पोतून लाद्या आल्या. सहा मशीनं सुरू झाली. साडेसातला बाहेरचा उतार पांढरा झाला, एक चौदाव्या मीटरचा पट्टा सोडून. तिथला बर्फ किसणाऱ्यानं मशीन मे महिन्यानंतर धुतलं नव्हतं, त्यामुळं तिथं दीड फूट काला खट्टा होता. कारखान्याला निघालेले लोक सायकली थांबवून बघत होते. एकानं विचारलं, कुणाचं लगीन हाय. मी म्हटलं, समितीचं.

आठ वाजले. निरीक्षक आले नाहीत. साडेआठला फोन आला, हॉटेलात नाष्टा चालू आहे. नऊला फोन केला, अजून चालू होता. ऊन उतारावर चढायला लागलं. मी आत पट्ट्यांना मेणबत्ती घासत बसलो होतो, त्यामुळं बाहेर काय झालं ते मला दिसलं नाही. बाहेर आई आणि सहा गोळेवाल्यांनी तेच केलं जे ते तीस वर्षं करत आलेत. बर्फावर ऊन आलं की त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि वर गोणपाट. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. हात आपोआप गेले. मी बाहेर आलो तेव्हा राज्याच्या संघाची निवड पोत्याखाली झाकलेली होती.

"भुशावर पट्ट्या घसरत न्हाईत, आई."

"मग बर्फाला मरू द्यायचं व्हय?" आई म्हणाली. तिच्या बाजूनं बरोबर होतं.

साडेनऊला रिक्षातून निरीक्षक, इंद्रजीत सर, उतरले. पत्रात बर्फ असं लिहिलेलं होतं म्हणून ते जाडजूड जाकीट आणि कानटोपी घालून आले होते, आणि घामानं निथळत होते. बोलता बोलता कळलं की सर मूळचे खो-खोचे. बर्फाचा कार्यभार समितीत कुणी घेईना, तो सगळ्यात नव्या माणसाला दिला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ताईला आपुलकीनं समजावलं, की सोलापूरच्या पोरींचे पाय कबड्डीला चांगले असतात, बर्फ आपल्या भागाचा खेळ नाही.

आई बोलली.

"साहेब, आमी चव्वेचाळीस डिग्रीत भर रस्त्यावर बर्फ इकतो. त्या काश्मीरवाल्यास्नी म्हणावं, या, एक दिवस इकून दाखवा."

सरांनी टेप काढला. पोती उचलली, झाडू मारले. बराच भुसा निघाला, थोडा बर्फातच रुतून बसला. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं सरांनी. आतले अकरा अकराच होते. बाहेरच्या एकोणीसचे सोळा उरले होते. खालचे तीन मीटर पाणी होऊन गटारीकडं निघाले होते.

सत्तावीस, सर म्हणाले. नियमात बसत नाही. त्यांनी टेप गुंडाळला, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म मांडीवर घेतला. वाईट वाटतंय म्हणाले, पण उतारच कमी आहे तर चाचणी कशाची घ्यायची. संपूर्ण उतार सुरू झाला की कळवा.

मी सांगणार होतो की आमचा संपूर्ण उतार कधीच सुरू होत नाही. तेवढ्यात वरून पट्ट्यांचा आवाज आला. ताई कधीच वर जाऊन उभी होती. तिला कुणी 'हो' म्हटलं नव्हतं. ती निघाली.

अकरा मीटर म्हणजे दोन श्वास. डाळिंबाची भिंत अंगावर आली आणि तिचे खांदे सवयीनं डावीकडं झुकले. मला वाटलं, संपलं. गादी रिकामी तिची वाट बघत होती. मग तिनं खांदे तिथंच ठेवले आणि कमरेखालचं सगळं उजवीकडं फिरवलं. असं वळण कुठल्या व्हिडिओत नाही. दाराच्या चौकटीला तिचं कोपर घासलं आणि ती उन्हात बाहेर पडली.

काला खट्टा पार झाला. विसाव्या मीटरला भुशानं पट्ट्या पकडल्या. ताई कमरेत मोडली, नाक गुडघ्याला लागलं, दोन्ही हात पंख्यासारखे फिरले. सहाच्या सहा गोळेवाल्यांनी एकदम श्वास ओढला. ती परत सरळ झाली. पुढं बर्फ संपला. ती थांबली नाही, म्हणजे थांबणं तिच्या हातात नव्हतं. ओल्या सिमेंटवर पट्ट्यांचा असा आवाज झाला की पलीकडच्या कारखान्याचा वॉचमन बाहेर आला. चार मीटर गेल्यावर ती सरांच्या बॅगेजवळ थांबली. उभी.

सर बर्फाच्या कडेपर्यंत चालत गेले आणि वाकून बघितलं.

"शेवटी बर्फ संपला होता," सर म्हणाले.

"व्हय," ताई म्हणाली. "मी न्हाय संपले."

सरांनी टेप पुन्हा काढला. त्यांना कुणी काढा म्हटलं नव्हतं. एकतीस मीटर भरले. पण बर्फाचे सत्तावीसच, ते म्हणाले, नियम दोन आहेत, खेळाडूनं तीस मीटर जायचं आणि उतारही तीस मीटरचा हवा. खेळाडूचं जमलं, उताराचं नाही.

"मग तसंच लिवा की," ताई म्हणाली. "खेळाडू पात्र, उतार अपात्र. संघात मी जाणार हाय, उतार न्हाय जाणार."

असं आजवर कुणी लिहिलेलं नाही, सर म्हणाले. ताई म्हणाली, मग पहिलं तुमीच लिवा. ती पट्ट्या न काढता त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिनं पट्ट्या काढल्याशिवाय सरांना रिक्षाकडं जायला वाट नव्हती. सर म्हणाले, समितीत विचारतील. ताई म्हणाली, विचारू दे, त्यातला कोण सिमेंटवर उभा राहतोय ते बी त्यास्नी विचारा.

"आणि पडली असतीस तर?"

"पडले असते तर तुमी न्हाई म्हणायच्या आधी मीच घरी गेले असते."

सरांनी कानटोपी काढली. डोक्यातून वाफ निघाली. मग त्यांनी डाळिंबाचा एक रिकामा क्रेट उलटा केला, त्यावर फॉर्म ठेवला आणि उभ्यानं लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं. अंतर एकतीस मीटर. पडणे, निरंक. पृष्ठभाग ह्या रकान्यात ते अडले. मग लिहिलं : बर्फ, भुसा, सरबत, सिमेंट. त्याखाली : उतार अपात्र. त्याखाली : खेळाडू पात्र, संघात घ्यावे. सही केली. सही करताना त्यांचा हात जरासा थांबला, मी बघितलं. पण केली.

समिती कदाचित फॉर्म परत पाठवेल, असं त्यांनी ताईला स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, मग मी पुण्याला समितीकडं येते, कुटल्या जिन्यावरनं उतरून दाखवायचं तेवढं कळवा. ती चेष्टा करत नव्हती, आणि हे सरांनाही कळलं, कारण त्यांनी समितीच्या ऑफिसला जिना कसा आहे ते सांगितलं.

आईनं सगळ्यांना शेंगा दिल्या. ऊन आता पुरतं वर आलं होतं. अण्णा लोखंडी दार लावायला आले तर ताई आडव्या पावलांनी परत वर चढत होती. अण्णांनी विचारलं, आता कशाला, झालं की सगळं. ती म्हणाली, भाईर अजून बारा मीटर बर्फ शिल्लक हाय.

इंद्रजीत सर शेंगा सोलत उभे होते. त्यांनी जाकीट काढून रिक्षात ठेवलं आणि हळूच मला विचारलं, आठ नंबरचा बूट आहे का. मी आणायला वळलो, तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला.

"थांबा सर. बर्फ थोडाच हाय. आदी माझं होऊ द्या."